सुभेदारांची लाईट

आमच्या मळ्यात ‘लाईट’ या शब्दाचा अर्थ उजेड असा कधीच नव्हता. उजेड सूर्याचा असतो, चुलीचा असतो, देवापुढच्या समईचा असतो. लाईट म्हणजे विहिरीवरच्या मोटारीला मिळणारी वीज. ती देणाऱ्यांच्या सोयीने येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ती आली की ऊस लावलेल्या माणसाने थंडीवारा न पाहता खांद्यावर खोरे टाकायचे आणि दारे धरायला जायचे. दारे धरणे म्हणजे एका सरीचे तोंड बुजवून पाणी दुसऱ्या सरीत वळवणे. आमच्या कुंडल गावातल्या मुलाला हे शाळेत घालण्यापूर्वीच कळते. शहरात राहणाऱ्यांसाठी सांगून ठेवले.

माझ्या यजमानांनी फौजेतली नोकरी सुभेदार होऊन संपवली आणि घरी आल्या आल्या रायफलीच्या जागी खोरे धरले. त्यांचे नाव मी घेत नाही. लग्नात, डोहाळजेवणात, नातीच्या बारशात आग्रह झाला तेव्हा उखाण्यात गुंफून घेतले. एरवी घरात ‘अहो’ आणि गावापुढे ‘सुभेदार’. ते सरहद्दीवर असताना ही जमीन मी सांभाळली, बांध कोरणाऱ्या भावबंदांना मी थोपवले आणि कारखान्याच्या माणसाला उन्हात उभे करून ऊसतोडीचा नंबर मी घेतला. तेव्हा ही रीत मी कुणाच्या धाकाने पाळली असे कोणी समजू नये. नाव दागिन्यासारखे असते. ते रोज घालून झिजवायचे नसते.

घरी परतल्यावर रात्रीच्या पाण्याला गड्याला पाठवायचे सुभेदारांनी बंद केले. अंधारात साप-किरडू असते, दुसऱ्याच्या लेकराला कशाला पाठवायचे, असे त्यांचे म्हणणे. मग वर्षानुवर्षे तेच उठत राहिले. वहाणा पायांत घालताना, मला ऐकू जाईल अशा बेताने, ते एवढेच म्हणत, “लाईट आली.” त्या दोन शब्दांत ‘येतो’ होते, ‘कडी घालून घे’ होते आणि ‘माझ्यासाठी जागू नको’ हेही होते. आमचा संसार असा थोडक्या शब्दांचा झाला. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती.

अलीकडे त्यांना विसर पडू लागला. आधी माणसांची नावे गेली, मग माणसे गेली. मुलगा वीरधवल समोर उभा असला तरी कधी तो त्यांना पलटणीतला जवान वाटे, कधी बँकेचा साहेब. हे आम्ही सोसले. वय झाले की माणूस सामान उतरवत जातो. परंतु गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून त्यांची रात्र बिघडली. मध्यरात्री उठायचे, कोपऱ्यातले खोरे घ्यायचे आणि रानाच्या दिशेने चालू लागायचे. दिवसा मात्र मेल्यासारखे झोपायचे. रात्रभर जागलेल्या माणसाला निदान दिवसा विसावा मिळावा म्हणून आम्ही त्यांच्या खोलीचे जाड पडदे दिवसभर ओढून ठेवत असू आणि रात्री वाऱ्यासाठी सारत असू.

नवल असे की हे सदोदित होत नसे. काही दिवस ते रात्री शांत झोपत आणि आम्ही देवाला नारळ फोडत असू. मग पुन्हा तेच सुरू होई. सून क्रांती गोळ्यांना दोष देई. वीरधवल संध्याकाळच्या चहाला दोष देई. माझे स्वतःचे मत चंद्रावर होते. अमावास्या-पौर्णिमेला कमजोर माणूस हलतो हे मी लहानपणापासून ऐकले आहे, आणि ऐकलेले सगळेच खोटे नसते. परंतु चंद्रही पुढे माझ्या मताशी जुळेना.

आश्विन सरता सरता एका पहाटे दूधगाडीवाल्याने सुभेदारांना घरी आणून सोडले. ते रेल्वेच्या फाटकापाशी, रस्त्याच्या मधोमध, खोरे टेकून उभे होते. त्या दिवशी वीरधवल जेवायला बसला नाही. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“आई, आता पुरं झालं. सांगलीत एक चांगलं केंद्र हाय. अशाच माणसांसाठी. डॉक्टर, नर्स, समदं तिथंच. मी बघून, जागा सांगून आलोय.”

“कुणाला विचारून बघून आलास?”

“विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस का?”

“न्हाई.”

“म्हणून न विचारता गेलो.”

उत्तर माझ्याच वळणाचे होते. तो खाली बसला. “कारखाना सुरू झाला की ह्या रस्त्यानं रातभर उसाच्या ट्रॉल्या पळत्यात. एकामागं दोन-दोन जोडलेल्या. त्यांना ब्रेक लागंस्तवर...” पुढचे त्याने गिळले. त्याचे डोळे तांबारलेले होते. कित्येक रात्री तो वडिलांच्या खोलीच्या उंबऱ्याला आडवा झोपत होता, आणि तरीही ते त्याला ओलांडून गेले होते. आपण झोपलो म्हणून आबा घराबाहेर गेले, हे त्याच्या मनाला लागले होते. दुष्टपणाने बोलणाऱ्या मुलाला मी सरळ केले असते. दमलेल्या मुलाला काय करणार?

“कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडूस्तवर थांब,” मी म्हणाले. उसाची पहिली मोळी पडली की हंगाम सुरू होतो. “तवर मी काही करून दाखवलं न्हाई, तर गाडी काढ. मी आडवी येणार न्हाई.”

शब्द देऊन बसले खरी, परंतु करायचे काय, हे माझ्यापाशी नव्हते. म्हणून मी नातीला फोन लावला.

सृष्टी, वीरधवलची मुलगी, सांगलीला असते. तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली ती झोपेवर संशोधन करते. रात्री पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांची झोप कशी बिघडते, त्यांच्या डोळ्यांवर उजेड कधी आणि किती पडतो, असा तिचा विषय. भावकीत तिची फार थट्टा होते. “मानसिंग सुभेदाराची नात झोपायचा पगार घेती,” असे एकाने माझ्या तोंडावर म्हटले होते. मी त्याला म्हणाले होते, “तुझा पोरगा बिनपगारी झोपतो, त्यापेक्षा बरं.”

“तुझी सगळी विद्या घे आणि ये,” मी तिला सांगितले. “आजोबांना सांगलीला न्यायचं चाललंय.”

ती दुसऱ्याच दिवशी आली. तिच्या पिशवीत मनगटाला बांधायचे एक यंत्र होते. घड्याळासारखेच, परंतु काटे नसलेले. माणूस किती हलतो आणि त्याच्यावर किती उजेड पडतो, हे ते गुपचूप टिपून ठेवते. मी म्हटले, आधी मला समजेल असे सांग, मग सुभेदारांच्या हाताला लाव.

“आज्जी, आपल्या डोक्यात एक घड्याळ असतं,” ती म्हणाली. “कधी जागायचं, कधी झोपायचं, कधी भूक लागायची, सगळं ते ठरवतं. त्याला चावी द्यावी लागते उजेडाची. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते वेळेवर लागतं. भलत्या वेळी, रात्री डोळ्यांत उजेड गेला, की ते मागं पडतं.”

“आणि म्हातारपणी?”

“चावी ढिली होते. नजर अंधुक झालेली असते, माणूस घरात बसून असतो. तरण्या माणसाला पुरतो तेवढा उजेड त्याला पुरत नाही.”

“म्हणून आमच्या सासूबाई दिवस उगवायच्या आत अंगणात उभं करायच्या.”

“आज्जी, हा शोध तुझ्या सासूबाईंनी लावला होता असं आता म्हणू नकोस.”

“त्यांनी कसला शोध लावला न्हाई. त्या फक्त उठवायच्या.”

ती हसली. माझ्या घरात पुष्कळ दिवसांनी कोणी असे मोकळे हसले होते.

सुभेदार यंत्र बांधून घेईनात. डाव्या हाताला त्यांचे जुने घड्याळ आणि उजव्या हाताला काही बांधणे म्हणजे गबाळेपणा. सृष्टीने टाचा जुळवल्या, कडक सलाम ठोकला आणि म्हणाली, “साहेब, ड्यूटीचं घड्याळ आहे. वरून हुकूम आहे.” त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, तिच्या सुटलेल्या केसांबद्दल नापसंती दर्शवली आणि हात पुढे केला.

ते यंत्र काही आठवडे त्यांच्या हातावर राहिले. दिवाळी होऊन गेली. फडात ऊसतोडकऱ्यांच्या खोपी उभ्या राहू लागल्या, तशी मी मोळीपर्यंतचे दिवस मोजू लागले. मग सृष्टी पुन्हा आली, यंत्र सोडले आणि त्यातले टिपण संगणकाच्या पडद्यावर उघडून आम्हा सगळ्यांना भोवती बसवले. दिवस आणि रात्र ओळीने मांडलेले एक चित्र होते. उजेडाच्या जागी पांढरे, अंधाराच्या जागी काळे.

“हे बघा,” ती म्हणाली. “दिवसा सगळं काळं. आजोबा दिवसभर अंधारात आहेत.”

क्रांतीने खिडकीच्या जाड पडद्यांकडे पाहिले. मीही पाहिले.

“आणि हे रात्रीचं.” काळ्या पट्ट्यात मध्येच एक पांढरी रेघ भिंतीसारखी उभी होती. “इथं एकदम उजेड पडतो आणि लगेच आजोबांची हालचाल सुरू होते. काही रात्री पडतो, काही रात्री नाही. रात्री यांच्या खोलीत दिवा कोण लावतं?”

“कुणी न्हाई,” वीरधवल म्हणाला.

“आई?”

“अगं, मी कशाला लावू? दिवसभर तुझ्या आजीपुढं उभं राहून रात्री मला दिवा लावायचं त्राण उरतंय व्हय?”

“आज्जी?”

“माझ्या घरात कारणावाचून दिवा जळत न्हाई.”

सगळे खरे बोलत होते. सृष्टीने कपाळाला हात लावला. पडद्यावर रेघ तर स्वच्छ दिसत होती. शेवटी ती म्हणाली, “थांबा. गावातल्या लोकांना विचारते तेच प्रश्न तुम्हाला विचारते. त्यात काही सापडतं का बघू.” ते प्रश्न आधी तिच्या डॉक्टरांनी भारदस्त मराठीत लिहिले होते. ‘रात्रकालीन प्रकाशसंपर्क’ असे काहीसे. ते कोणालाच कळेना, म्हणून तिने स्वतः सोपे केले होते. तिने मला विचारले, “आज्जी, रात्री तुमच्याकडे लाईट किती वेळ असते?”

“कुठल्या आठवड्यात?”

“म्हणजे?”

“ह्या आठवड्यात न्हाई. ह्या आठवड्यात दिवसाची हाय. गेल्या आठवड्यात रातभर होती.”

सृष्टीचा हात थांबला. “लाईट आठवड्यानं कशी बदलेल?”

“ते सरकारला विचार. मोटारीची लाईट अशीच मिळती.”

वीरधवल खो-खो हसू लागला. “अगं, तू इथं वाढलीस की! लाईट म्हंजी काय, इसरलीस व्हय सांगलीत?”

ती हसली नाही. तिचा चेहरा उतरला. “म्हणजे मी गावात ज्यांना ज्यांना विचारलं...”

“त्यांनी मोटारीची लाईट सांगितली,” मी म्हणाले. “तू विचारलंस तेच सांगितलं.”

“आणि मी सरांना लिहून दिलंय की कुंडलचे शेतकरी आठवड्याआड रात्रभर लख्ख उजेडात झोपतात!” तिने तोंड ओंजळीत लपवले. “सर म्हणत होते, हे फार वेगळं दिसतंय, छापायला पाहिजे.”

क्रांतीसुद्धा पदराआड हसत होती. परंतु सृष्टीची बोटे हळूहळू तोंडावरून खाली आली. ती पडद्याकडे पाहत राहिली. “बाबा, रात्रीची लाईट कुठल्या कुठल्या आठवड्यात होती?” वीरधवल आठवून सांगू लागला आणि ती एकेका पांढऱ्या रेघेवर बोट ठेवू लागली. एकही रेघ चुकली नाही. ज्या आठवड्यात मोटारीला रात्री वीज, त्याच आठवड्यात सुभेदार जागे. चंद्राचा काही संबंध नव्हता; बिचाऱ्यावर मी उगाच आळ घेतला होता.

“पण मोटार आता मोबाईलवर चालू होते,” ती म्हणाली. “मग आजोबांना लाईट आल्याचं कळतं कसं? पूर्वी कसं कळायचं?”

“दिव्यावरून,” मी म्हणाले.

“कुठल्या दिव्यावरून?”

मी उठून त्यांच्या खोलीच्या खिडकीचा पडदा सारला. पलंगाच्या अगदी समोर, अंगणातल्या खांबावर तो होता. मोटारीच्या तारेतून एक वायर ओढून सुभेदारांनीच लावलेला. लाईट आली की तो आपोआप पेटे, आणि ते उठत. पूर्वी त्यात पिवळा, आजारी दिसणारा दिवा असे. गेल्या वर्षीच्या दिवाळीत तो जळून गेला तेव्हा वीरधवलने घरात पडलेला पांढरा एलईडी लावला. दिवस उजाडल्यासारखा पडे त्याचा झोत. आम्ही सगळ्यांनी तो शंभरदा पेटलेला पाहिला होता. वीरधवल उंबऱ्यावर त्याच्याच उजेडात झोपत होता. मी भिंतीकडे तोंड करून झोपते, तरी मलाही ठाऊक होता. परंतु दिवा कोण लावतो, असे विचारले तेव्हा तो कोणालाच आठवला नाही, कारण आमच्या लेखी तो दिवा नव्हताच. ती लाईट होती.

 गावातल्या केरबा वायरमनला बोलावून वीरधवलने त्याच संध्याकाळी दिवा, होल्डर आणि वायर, सगळे खांबावरून उतरवले. क्रांतीने पडदे काढून धुवायला टाकले. सृष्टी निर्धास्त मनाने सांगलीला गेली. आम्हाला वाटले, सुटलो.

परंतु विद्येला सगळे ठाऊक होते, एक सुभेदार सोडून. खांबावर विझलेला दिवा दिसे तोवर ‘अजून लाईट नाही’ असे समजून ते स्वस्थ पडत. दिवाच नाहीसा झाल्यावर लाईट आली की नाही, हे पाहायला त्यांना स्वतः उठावे लागे. पहारेकऱ्याची निशाणीच कोणी पळवली होती. आता आठवडा दिवसाचा की रात्रीचा, हाही प्रश्न उरला नाही; ते रोजच रात्री उठून बसत. “लाईट आली का?” म्हणून विचारत. नाही म्हटले की फ्यूज गेला म्हणून विहिरीवरच्या पेटीकडे निघत. सकाळी मात्र हलत नसत. सृष्टी फोनवरून पुन्हा पुन्हा सांगे, रात्रीचा उजेड काढला हे अर्धेच काम झाले, त्यांना सकाळच्या उन्हात न्या, रोज न्या. मी न्यायला गेले की ते भिंतीकडे वळत. “लाईट न्हाई, रानात जाऊन काय करू?”

वीरधवलने बॅग माळ्यावरून काढली. मला दिसेल अशी ठेवली नाही, एवढा मान त्याने राखला.

मी त्या दुपारी अंगणात बसून त्या उघड्या खांबाकडे पाहत राहिले. या माणसाने उभ्या आयुष्यात ऐकले ते हुकूमच ऐकले. आधी पलटणीचे, मग या दिव्याचे. विनवणीने ते कधी उठले नव्हते, आता तरी कसे उठणार? हुकूम काढून घेऊन चालणार नव्हते. हुकुमाची वेळ बदलायला हवी होती. मी केरबाला पुन्हा बोलावले.

“दिवा होता तिथंच लाव. पर वायर मोटारीची न्हाई, घरातली. आणि बटण माझ्या उशाशी.”

केरबा शिडी धरून घुटमळला. “आक्का, मोटारीला जोडली न्हाई तर लाईट आलेली कळंल कशी?”

“मी सांगीन तेव्हा येईल,” मी म्हणाले.

मग वीरधवलला सांगितले, “घरामागचा हौद रोज भरून ठेव. मोटार कधीही चालव, मला त्याचं काही न्हाई. पण दिवस उगवताना हौदाचं पाणी विहिरीजवळच्या तुकड्यात सरीनं सोडायचं.”

“आई, तिथं ठिबक हाय. सरीनं पाणी कोण देतं आता?”

“तुझे वडील.”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि ठिबकच्या नळ्या गुंडाळायला गेला.

दुसऱ्या दिवशी पूर्वेला तांबडे फुटताना मी बटण दाबले. खांबावरचा दिवा पेटला. सुभेदारांनी डोळे उघडले, क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि ज्या झटक्याने ते पूर्वी उठत त्याच झटक्याने पाय खाली सोडले. “लाईट आली,” ते म्हणाले. ते मला उद्देशून नव्हते. मी मात्र ऐकले.

मी डोक्यावर पदर घेऊन, हातात थर्मास आणि भाकरीचे फडके घेऊन दाराशी उभी होते. ते खोरे घेऊन आले आणि मला पाहून थबकले. एक पाऊल मागे सरले. नजर खाली केली.

“आवं बाई, तुमी कुणीकडं?”

“तुमच्याबरोबर. पाण्याला.”

“न्हाई, न्हाई. परक्या बाईसंगं मी रानात कसा जाऊ? लोक काय म्हणतील?” आवाज खाली आणून ते म्हणाले, “घरात आमची मंडळी हाय. ती लय कडक हाय.”

मला हसू आले. उजेड वाढत होता. सृष्टी म्हणाली होती, हीच वेळ मोलाची. ते मात्र खोरे टेकून उभे राहिले आणि हलेनात. दिव्याने त्यांना दारापर्यंत आणले होते. पुढे न्यायचे माझ्याकडे होते.

“मी परकी न्हाई,” मी म्हणाले.

“मग तुमी कुणाच्या?”

ओठांवर उखाणाच आला, सवय ती. परंतु चांदीच्या वाटीत आणि सोन्याच्या ताटात गुंतायला वेळ नव्हता. मी त्यांच्याकडे सरळ पाहिले.

“मानसिंगांची,” मी म्हणाले. “मानसिंग सुभेदारांची.”

त्यांनी ते नाव डोक्यात कुठेतरी तपासून पाहिले. मग मान हलवली. “मग हरकत न्हाई. आपल्यातल्याच हाय. चला.” आणि नेहमीप्रमाणे माझ्यापुढे दोन पावले चालू लागले.

विहिरीजवळच्या तुकड्यात वीरधवलने पाणी सोडले होते आणि तो बाजूला, उसाच्या आड उभा होता. सुभेदार माणसे विसरले होते, परंतु पाणी विसरले नव्हते. सरीचे तोंड कधी फोडायचे, माती किती ओढायची, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. पायांवरून पाणी जात होते. कुंडलच्या डोंगरामागून सूर्य वर आला आणि त्यांच्या कपाळावर, पांढऱ्या मिशांवर, डोळ्यांत पडला. त्यांनी डोळे किलकिले केले, परंतु तोंड फिरवले नाही. मी बांधावर बसून चहा ओतला. लग्न झाल्यापासून मी त्यांना दारे धरताना कधी पाहिले नव्हते. दिवसाचे पाणी गडी देई; ते जात तेव्हा अंधार असे.

सृष्टीने बजावले होते की घड्याळ एका सकाळीत लागत नाही. तसेच झाले. पहिल्या दिवसांत ते रात्रीही जागे होत, खिडकीकडे पाहत. दिवा विझलेला दिसला की पुन्हा आडवे होत. दुपारी झोपू लागले तर क्रांती त्यांच्यापुढे सुपात भुईमुगाच्या शेंगा ठेवून म्हणे, “आबा, एवढ्या फोडून द्या, आत्या रागावतील.” आत्यांचा, म्हणजे माझा, धाक त्यांना बरोबर आठवत असे. संध्याकाळी आम्ही घरातले दिवे मंद ठेवू लागलो. वीरधवलने मोबाईल घेऊन बाहेर बसायची सवय लावली. रोज पहाटे मी बटण दाबी. रोज ते विचारीत, “तुमी कुणाच्या?” आणि रोज मी सांगे. जे नाव मी एवढी वर्षे घडी करून ठेवले होते, ते आता रोज नेसू लागले.

मोळी पडली. त्या रात्रीपासून रस्त्याने ट्रॅक्टर सुरू झाले. गाण्यांचा दणदणाट, ट्रॉल्यांचा खडखडाट. वीरधवल उंबऱ्यावर आडवा झाला. त्याची बॅग कुठे ठेवली आहे, हे मला ठाऊक होते. माझा शब्द संपला होता, आणि शब्द संपल्यावर मागणे मागायची मला सवय नाही. मी भिंतीकडे तोंड केले.

डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा खिडकीत फिकट झाले होते. मी दचकून वळले. सुभेदार पलंगावर होते. छातीवर हात, तोंड किंचित उघडे, श्वास संथ. दिव्याची वाट न पाहता झोपले होते. मी बटणाकडे हात नेला, तो थोडा वेळ तिथेच ठेवला, मग दाबले.

ते उठले. “लाईट आली.” वहाणा घातल्या, खोरे घेतले. दाराशी आले तर उंबऱ्यावर वीरधवल, पन्नाशी उलटलेला माझा मुलगा, लहानपणी झोपे तसा एक हात डोक्याखाली घेऊन गाढ झोपला होता. सुभेदार थांबले. वाकून त्याच्याकडे पाहिले. वहाणा पायांतून काढून हातात घेतल्या आणि माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवले.

“हळू चला,” ते कुजबुजले. “पोरगं लय दमलंय.”

आम्ही दोघेही अनवाणी त्याला ओलांडून गेलो. त्याच्या पापण्या हलल्या, हे मी पाहिले. त्याने डोळे उघडले नाहीत, हेही पाहिले. मागाहून, आम्ही अंगणात असताना, आतून त्याचा फोनवरचा आवाज आला. सांगलीच्या केंद्रातल्या रात्रपाळीच्या नर्सला तो सांगत होता की आमची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या, सध्या आमचे माणूस घरीच झोपते. ‘सध्या’ हा शब्द मी ऐकला. तो खरा होता, म्हणून मी त्याला बोल लावला नाही.

वाटेत सुभेदारांनी वहाणा घातल्या. रानाच्या कडेला येऊन माझ्याकडे वळले. “आवं बाई, विचारायचं राहिलं. तुमी कुणाच्या?”

“मानसिंग सुभेदारांची.”

“मानसिंग व्हय?” ते विचार करत राहिले. मग हसले, पुष्कळ दिवसांनी मी त्यांचे दात पाहिले. “लय नशिबाचा गडी.”

“ते त्यांनी मला कधी सांगितलं न्हाई,” मी म्हणाले.

“न्हाई सांगायचा. फौजी माणूस. त्याला कुठं बोलता येतंय?” त्यांनी खोरे खांद्यावरून उतरवले. वीरधवलने मागून सोडलेले हौदाचे पाणी सरीतून चकाकत आमच्याकडे येत होते, आणि ऊन उसाच्या तुऱ्यांवरून खाली उतरू लागले होते. “या, असं हिकडं बांधावर बसा. आणि चहा लगीच वता. लाईट हाय तवर उरकाय पायजे.”